घड्याळ ऐकू दे

चित्रपट ही केवळ पाहावयाची वस्तू आहे, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. दोष एकट्या आमचा नव्हे. भाषेनेही आम्हांस तसेच शिकविले. संगीत नाटकाहून परतलेला रसिक अमक्याचे गाणे ऐकले म्हणून सांगे; चित्रपटाहून परतलेला मनुष्य 'पाहिला' एवढेच म्हणतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला, पडद्यावरील चित्रांस वाचा फुटली, आणि अशा चित्रपटांस आपण 'बोलपट' म्हणू लागलो. नाव सुंदर खरे. परंतु त्याने ध्वनीचा सारा मान बोलण्याच्याच पदरात टाकला. संवाद आणि गाणी यांखेरीज तेथे कानांसाठी आणखी काही असेल, हा विचार आमच्या मनास कधी शिवला नाही.

ही समजूत मोडली ती आमच्या वडिलांमुळे. त्यांस आम्ही नाना म्हणतो. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. अखेर उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला. पुस्तके वाचून दाखविण्याच्या पाळ्या आम्ही घरात लावून घेतल्या, पण चित्रपटाचे नाव कोणी काढीनासे झाले. आंधळ्यापुढे आरसा धरण्यासारखे ते वाटे. पुढे पावसाळ्यातील एका संध्याकाळी नाना आपण होऊनच म्हणाले, "'कुंकू' लाव रे. कॉलेजात असताना पाहिला होता."

'कुंकू' हा प्रभातचा १९३७ सालचा चित्रपट, दिग्दर्शक शांताराम. वृद्ध काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा त्यांस पती मानावयास नकार देते, ही त्याची कथा. नानांस काही कळावयाचे नाही, या काळजीने आम्ही शेजारी बसून वर्णन सुरू केले. आता काकासाहेब आले, आता ती दाराआड गेली, आता तिने पाठ फिरविली! नानांनी काही वेळ ते सोसले. मग म्हणाले, "अरे, जरा गप्प बस. घड्याळ ऐकू दे."

कोणते घड्याळ? आम्ही गप्प बसलो, तेव्हा ते ऐकू आले. काकासाहेबांच्या भिंतीवरील जुने घड्याळ टिकटिक करीत होते. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. दुःखाच्या प्रसंगी सारंगी नाही, संतापाच्या प्रसंगी वाद्यांचा कल्लोळ नाही. भोवतालच्या जगात जे वाजेल तेवढेच प्रेक्षकाने ऐकावे, असा दिग्दर्शकाने स्वतःवर निर्बंध घालून घेतला होता. म्हणूनच त्या टिकटिकीस जागा मिळाली. एरव्ही ती वाद्यमेळात बुडून गेली असती. आम्ही हा चित्रपट यापूर्वी तीनदा पाहिला होता. ते घड्याळ आम्हांस दिसले होते. म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्य मोजताना ते ऐकू मात्र आले नव्हते. नाना हलकेच म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला रात्री हेच ऐकू येते." आमच्या दिवाणखान्यातही तसेच एक घड्याळ आहे, आणि नानांची खोली त्याच भिंतीपलीकडे आहे. आम्ही निरुत्तर झालो.

चित्रपटास कानच पुरे आहेत, असा नवा अभिमान मग आम्हांस जडला. तो 'पथेर पांचाली'ने उतरविला. सत्यजित राय यांचा हा १९५५ सालचा चित्रपट, संगीत रविशंकरांचे. नानांस बंगाली येत नाही, म्हणून आम्ही जरुरीपुरता अर्थ सांगत होतो. पाऊस, आगगाडी, अपू आणि दुर्गा ज्याला कान लावतात त्या तारांच्या खांबाची गुणगुण, हे सारे नानांनी आमच्या मदतीवाचून ओळखले. मग पुष्कळ महिन्यांनी हरिहर घरी परततो. आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवितो, आणि शेवटी दुर्गेसाठी घेतलेली साडी बायकोच्या हाती देतो. सर्वजया कोसळते. तिचे तोंड उघडते, पण हंबरडा आपणांस ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. तारशहनाई म्हणजे इसराजला कर्णा जोडून केलेले वाद्य.

"वाद्य सुरेख आहे," नाना म्हणाले, "पण चालले आहे काय?"

आम्ही सांगितले, "दुर्गा गेली हे बापाला ठाऊक नव्हते. आई रडते आहे. तिचा आवाज काढून टाकून त्या जागी हे वाद्य ठेवले आहे."

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्या खेपेस तो सूर ओसरेपर्यंत त्यांनी आमचे मनगट घट्ट धरून ठेवले होते.

एकाने संगीत काढून घेतले आणि घरातला आवाज राखला; दुसऱ्याने माणसाचा आवाज काढून घेतला आणि संगीत ठेवले. दोन्ही ठिकाणी कसब आहे ते काय ऐकू द्यावयाचे नाही हे ठरविण्यात. परंतु घड्याळाचा अर्थ नानांच्या कानांनी आम्हांस दिला, आणि त्या सुराचा अर्थ आमच्या डोळ्यांवाचून नानांस मिळाला नसता.

अलीकडे दर रविवारी आम्ही दोघे एखादा चित्रपट लावून बसतो. कोणता शब्द बोलावा आणि कोणता गिळावा, हे आम्हांस अजून नीट साधत नाही. आम्ही फार बोलू लागलो की नाना नुसता हात वर करतात. मग आम्हीही ऐकू लागतो.