गाडीचे पुस्तक कुठे ठेवावे?

आपल्या वस्त्यांतून आता छोट्या मोटारी उभ्या दिसू लागल्या आहेत. कुणाची बँकेच्या कर्जाची, कुणाची तिसऱ्या हाताने घेतलेली, तर कुणाची भाड्याने फिरवून पोट भरण्यासाठी घेतलेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी मोटारीचे स्वप्न पाहिले असेल? जानेवारी २०१४ मध्ये त्या गाडीचे उत्पादन थांबले. पण हातोहात फिरत ती, आणि तिच्या मागून आलेल्या छोट्या गाड्या, आपल्या दारापर्यंत आल्या. गाडी आली ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र गाडीबरोबर जे छापील माहितीपुस्तक मिळते, त्याचे पुढे काय होते, याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

'गाडीचे पुस्तक दाखवा' म्हटले की आपल्याकडे लोक आर. सी. बुक पुढे करतात. ते आता पुस्तक राहिलेले नाही, कार्ड झाले आहे, तरी नाव तेच. वाहतूक पोलीस आर. सी. मागतो, विमा मागतो, पीयूसी मागतो. माहितीपुस्तक कुणीच मागत नाही. म्हणून ते घरी जाते आणि घरीच राहते.

आमच्या ओळखीचा एक तरुण भाड्याने छोटी गाडी चालवतो. दोन वर्षांमागे तुळजापूरहून नळदुर्गकडे भाडे घेऊन जाताना समोर तेलाच्या झारीसारखे चित्र असलेला लाल दिवा लागला. त्याला वाटले, पेट्रोल कमी झाल्याची खूण असेल. पेट्रोल तर सकाळीच भरलेले, म्हणून गाडी तशीच दामटली. आठ-दहा किलोमीटरवर इंजिन खडखडले आणि जाम झाले. तो दिवा इंजिनातील तेलाच्या दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत लागला, की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे, एवढे एक वाक्य पुस्तकात चित्रासह छापलेले होते. दुरुस्तीत त्याची दोन महिन्यांची कमाई गेली, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

आम्ही विचारले, पुस्तक कुठे आहे? त्याच्या आईने लोखंडी पेटी उघडली. सातबारा, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या वेष्टनातले कोरे करकरीत पुस्तक. "कागद हाय बाबा, हरवंल म्हणून ठिवलं की," असे ती माउली म्हणाली. तिला नावे ठेवायला आमची जीभ धजली नाही. आपल्या जिल्ह्यात कागद जपण्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा किल्लारी, सास्तूर भागात घरांबरोबर लोकांचे कागदही ढिगाऱ्याखाली गेले. कागद पेटीत ठेवायचा, हे शहाणपण त्या माउलीने विकत घेतलेले नाही, भोगून मिळवले आहे. पण सातबाऱ्याचा उपयोग कचेरीत असतो, आणि या पुस्तकाचा उपयोग रस्त्यावर असतो. ज्या कागदाची गरज जिथे पडते तिथे तो हाताशी हवा, ही आमची कारकुनी शिकवण.

मग गाडीत कुठे ठेवावे? छोट्या गाडीत जागा मुळातच कमी. डॅशबोर्डावर काचेपाशी तर मुळीच ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत त्याहून अधिक होते, आणि पाने वाकडी होऊन शिवण सुटते. शिवाय ज्या गाडीत पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग आहे, तिथे डॅशबोर्डावरची कोणतीही वस्तू धडकेच्या वेळी गोळीसारखी तोंडावर येऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांना पुढच्या दोन्ही बाजूंना एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हा ही गोष्ट आता छोट्या गाडीवाल्यांचीही आहे.

चालकाच्या सीटखाली ठेवण्याची कित्येकांना सवय असते. ही सर्वांत वाईट जागा. उतारावर ब्रेक दाबताना पुस्तक पुढे घसरते आणि पायाशी येते. तुळजापूरच्या घाटात ब्रेकखाली पुस्तक अडकले तर काय होईल, ते सांगायला नको. पाण्याची बाटलीही तिथे नको.

डिकीत ठेवावे, तर त्यावर लग्नाचे सामान, पोती, बिछाने. सीएनजीची टाकी असेल तर डिकी उरतेच कुठे? दाराच्या खणात पावसाचे पाणी आणि बाटलीचे झिरपणे असते. शेताच्या कडेला गाडी उभी राहात असेल तर उंदीर पुस्तकाचे बारीक तुकडे करून घरटे बांधतात. वायरी कुरतडतात तो खर्च वेगळा.

राहिला डाव्या बाजूचा डॅशबोर्डातला कप्पा. तीच योग्य जागा. पण आपल्याकडे त्या कप्प्यात काय नसते? सुपारीची पुडी, चार्जरच्या वायरी, डोकेदुखीच्या गोळ्या, टोलच्या जुन्या पावत्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगची सक्ती झाली, तेव्हा पावत्यांची निदान रद्दी घालावी. पुस्तक चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तळाशी आडवे ठेवावे. आर. सी., विमा, पीयूसी यांची पातळ फाईल वेगळी असावी, म्हणजे पोलिसाने थांबवल्यावर घाईघाईत सगळे उपसावे लागणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम बदलून डिजिलॉकर, एम-परिवहन यांवरील कागद ग्राह्य झाले आहेत, त्यामुळे मूळ कागद घरच्या पेटीत राहिले तरी चालते. माहितीपुस्तकाची प्रत मोबाईलवरही मिळते हे खरे. पण रात्री येडशीच्या पुढे गाडी बंद पडावी, त्यात मोबाईलची बॅटरी उतरलेली असावी, असेही होते.

कप्पाच लहान असेल, तर पुढच्या सीटच्या पाठीला कापडी खिसा शिवून घ्यावा. आमच्या घरी सौ.नी जुन्या जीनचा शिवला आणि दोन पट्ट्यांनी बांधला. घरातल्या सर्वांना ती जागा ठाऊक असावी, केवळ चालवणाऱ्याला नव्हे.

'सगळ्या गाड्या सारख्याच, पुस्तक कशाला?' असेही कुणी म्हणतात. तसे नाही. इको गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. १० जानेवारी २००८ रोजी जगाला दाखवलेली टाटा नॅनो आता बनत नाही, पण जुन्या बाजारात मिळते. तिचे बॉनेट उघडले तर इंजिनाऐवजी स्टेपनी दिसते. इंजिन मागे, आणि सुरुवातीच्या नॅनोंना तर मागून उघडणारे डिकीचे दारच नव्हते. मारुतीवर शिकलेला आपला पोरगा अंधारात तिथे काय शोधणार?

दुसरी अडचण भाषेची. बहुतेक पुस्तके इंग्रजीत असतात. आमच्या मुलीने सुट्टीत बसून एका फुलस्केपवर मराठीत उतरवून दिले: कोणता दिवा लागला तर थांबायचे, जॅक आणि पाना कुठे आहे, चाकांत हवा किती, फ्यूजची पेटी कोणत्या बाजूला, गाडी ओढून न्यायची तर दोर कुठे बांधायचा. हा कागद पुस्तकाच्या वरच ठेवला आहे. दहावी-बारावीतली मुले-मुली हे काम सहज करतील.

जुनी गाडी घेताना पुस्तक बहुधा मिळतच नाही. सौदा करतानाच दुसरी किल्ली आणि पुस्तक मागावे. आमच्या भाच्याने एम. एच. २५ ची जुनी गाडी घेतली, तिच्यात पुस्तक नव्हते. कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळाले. झेरॉक्सच्या दुकानातून त्याने पूर्ण छापून स्पायरल करून आणले, तर ते वहीएवढे रुंद, कप्प्यात मावेना. मग आम्ही दोघांनी बसून कामाची पाने निवडली. दिवे, फ्यूज, चाक बदलणे, इंजिन तापले तर काय करायचे, एवढीच. एका कागदावर दोन पाने अशी पुन्हा छापून घडी घातली. ती आता कप्प्यात बसतात. जाड प्रत घरी कपाटात आहे.