सव्वा महिन्याच्या आत

जुन्नर-आंबेगावच्या व्यापारी घरांना नेत्रशिबिर नवे नाही. नारायणगावी डॉ. मनोहर डोळे यांच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाचे मोतीबिंदूचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. मोतीबिंदू पुढच्या शिबिरापर्यंत थांबतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळा थांबत नाही.

दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ नवव्या महिन्याच्या सुमारास पूर्ण होते. बाळ त्याआधीच जन्मले तर ती अर्धवट राहते, मग वेड्यावाकड्या वाहिन्या वाढतात आणि पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. हाच आरओपी. बाहेरून मात्र डोळे टपोरे, काळेभोर दिसतात! म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. फारच लहान बाळाचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. लेसर उपचार ठरला, तर हाती दोन-तीन दिवसच असतात.

नेमका याच काळात बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नसतो. रीत मायेची आहे, जंतुसंसर्गापासून जपणारीही आहे. पण या एका कामासाठी आजीबाईंनीच ती मोडावी.

पुण्यात महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ही तपासणी आणि उपचार होतात. एका खेपेने भागत नाही. वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. मंचरच्या पेढीवाल्याला ते जड नाही. भीमाशंकरकडच्या पाड्यावरील मजुराची मात्र दर खेपेला मजुरी बुडते, वर गाडीभाडे. शिबिराच्या मंडपावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात अशा कितीतरी खेपा होतील.