शेजारचा तो आणि मोबाइलवरचा तो

सुपरहीरोंच्या सीरियल्स म्हणजे माझ्या लेखी निव्वळ टाइमपास! झगा घालून उडणारा एक बाप्या, शेवटच्या दहा मिनिटांत अख्ख्या शहराची वाट लावणारी मारामारी... मॅगीचा बाऊल मांडीवर घेऊन बघायची आणि हात धुताना विसरून जायची गोष्ट. त्यामुळे 'जेसिका जोन्स'चा चौथा एपिसोड बघताना मॅगीचा पार लगदा झाला, ही माझ्यासाठी बातमीच होती.

ज्यांनी ही सीरियल बघितली नाही, त्यांना थोडक्यात सांगते. (सस्पेन्स फुटणार आहे. पण ती २० नोव्हेंबर २०१५ला आली, एवढी वर्षं थांबलात म्हणजे तुमचीच चूक!) जेसिका न्यूयॉर्कमध्ये प्रायव्हेट डिटेक्टिव्ह आहे. अंगात अचाट ताकद, पण केप नाही, मुखवटा नाही. लेदर जॅकेट, फाटकी जीन्स आणि दारूची बाटली. ताकद वापरून जग वाचवायचा तिला साफ कंटाळा आहे. ती इतरांच्या बायका-नवऱ्यांच्या भानगडींचे फोटो काढून भाडं भरते. आणि तिच्या मागे लागलाय किलग्रेव्ह. हा माणूस जे बोलेल ते समोरचा करतो. 'उडी मार' म्हटलं की उडी. एकेकाळी त्यानं जेसिकालाही असंच कित्येक महिने ताब्यात ठेवलेलं असतं. त्याला वाटतं, ते प्रेम होतं. तिला माहीत आहे, ते काय होतं.

क्रिस्टन रिटर जेसिका झालीय आणि डेव्हिड टेनंट किलग्रेव्ह. आता गंमत बघा. सुरुवातीच्या एपिसोड्समध्ये टेनंट नीट दिसतच नाही. पाठ दिसते, कानाशी आवाज येतो, जांभळा उजेड पडतो, बस. (कॉमिकमध्ये हा 'पर्पल मॅन' आहे, कातडीच जांभळी! सीरियलवाल्यांनी तो रंग दिव्यांत आणि सुटांत मुरवला. अक्कल लागते याला.) तिसऱ्याच्या शेवटी जेसिका त्याच्या अड्ड्यावर पोचते आणि एका खोलीत जाते. भिंती भरून फोटो. सगळे तिचे. रस्त्यावरचे, रोजचे, तिला पत्ता नसताना काढलेले. म्हणजे जी बाई पोटासाठी लोकांवर नजर ठेवते, तिच्यावरच कुणीतरी कॅमेरा लावून बसलंय.

चौथा एपिसोड, 'एकेए ९९ फ्रेंड्स', इथून सुरू होतो. आणि खरं सांगू? यात किलग्रेव्ह जवळजवळ काहीच करत नाही. भीती वाटते ती बाकीच्यांची. पेपरवाला, बसस्टॉपवरची बाई, मोबाइलमध्ये डोकं घातलेला पोरगा... यांतला फोटो काढणारा कोण? एक छोटी मुलगी रस्त्यात जेसिकासमोर उभी राहते आणि शांतपणे त्याचा निरोप म्हणून दाखवते. लहान पोर हो! नवी क्लायंट येते, तर ही तिच्याच मागावर, कारण किलग्रेव्हनंच धाडलेली असेल तर? (ती बाई निघते भलत्याच कारणानं माथं फिरलेली. तो ट्रॅक मला थोडा ओढूनताणून वाटला.)

मी हा एपिसोड बघितला ऑगस्ट २०१७मध्ये, पुण्यात, भाड्याच्या टू बीएचकेमध्ये, कडी-कोयंडा दोन्ही लावून. आणि तेव्हा मला अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागून तिसरा आठवडा चालू होता.

मेसेज घाणेरडे नव्हते, हेच तर अवघड होतं. 'आज पिवळा कुर्ता. छान.' 'कॅब लेट का आली?' 'बुधवारी डबा नाही नेलास, बरं नाही का?' नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. 'मला मेसेज करू नका' असं मी स्वच्छ मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, 'रागावलीस की गोड वाटतेस.' ऑफिसात कुणाला दाखवलं तर 'अरे वा, सीक्रेट अॅडमायरर!' आणि वर चहा.

त्या तीन आठवड्यांत मी काय काय केलं! वॉचमन काकांकडे संशयानं बघितलं. इस्त्रीवाल्या दादांनी 'पिवळा ड्रेस तयार आहे ताई' म्हटलं तर घशाला कोरड पडली. कॅबमध्ये मागच्या सीटवर बसायला लागले, म्हणजे पाठीमागे कुणी नको. टीममधला एक साधाभोळा मुलगा 'आज शांत शांत?' म्हणाला आणि मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. मेसेज दिवसाला दोन-तीनच यायचे, मिनिटभराचं काम. उरलेला अख्खा दिवस मात्र त्यानंच खाल्लेला असायचा. ही गोष्ट कुणाला सांगून पटत नव्हती. त्या एपिसोडमध्ये रस्त्यावरच्या प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा अर्धा सेकंद जास्त रेंगाळतो ना, तेव्हा वाटलं, हे ज्यानं लिहिलंय त्याला माहीत आहे.

मग शेवट. एक पोलीसवाला जेसिकाला सीसीटीव्हीचं फुटेज मिळवून देतो. ती बघत बसते आणि फोटो काढणारा सापडतो. माल्कम. तिचा शेजारी. नशेत झिंगलेला, नको तेव्हा तिच्या घरात घुसून खायला शोधणारा, जिच्या दारातून ती त्याला शंभर वेळा हाकलते आणि तरी त्याची कीव करते, तो माल्कम. तिच्या मनात ज्याच्याबद्दल शंकेची पालही चुकचुकली नव्हती, नेमका तो.

लॅपटॉप बंद केला आणि पहिल्यांदा मी प्रश्न उलटा विचारला. मला बघतंय कोण, हे बाजूला राहू दे. मी बुधवारी डबा नेला नाही, हे माहीत कुणाला होतं? वॉचमन काकांना नाही. इस्त्रीवाल्यांना नाही. डबा ओट्यावर राहिला होता आणि घरात दोघीच होतो.

तिला सरळ विचारलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. 'अगं, तो किती सिन्सिअर आहे माहितीय? तुझ्यासाठी वेडा झालाय बिचारा. मला म्हणाला फक्त खुशाली सांगत जा. मला वाटलं, हळूहळू तू पण...' तो म्हणजे तिच्या जुन्या ऑफिसातला एक मित्र. मी त्याला एकदाच भेटले होते, हिच्या बर्थडेला. केकचा तुकडा हातात दिला होता म्हणे मी. मला आठवतही नाही.

किलग्रेव्हला माल्कमला कामाला लावायला अमानवी ताकद लागली, वर त्याला नशेची सवय लावावी लागली. इथे 'बिचारा' या एका शब्दात काम झालं. माझी फ्लॅटमेट दुष्ट नाही हो. माझ्या तापात रात्रभर पट्ट्या ठेवणारी मुलगी आहे ती. पण तिनं आणि मी एकाच टीव्हीवर तेच सिनेमे बघितलेत. २०१३च्या 'रांझणा'त हिरो मुलीसमोर हाताची नस कापतो आणि आपण त्याच्यासाठी हळहळतो. १९९३च्या 'डर'मध्ये तर पाठलाग करणारा व्हिलन होता, पण थिएटरमधून बाहेर पडताना लोकांच्या लक्षात राहिला तो शाहरुखच.

चौकीत गेले. (आई मुलुंडहून पहाटेची गाडी पकडून आली होती, सोबतीला.) 'ओळखीतलाच आहे ना, मिटवून टाका' हे झालंच. पण मी स्क्रीनशॉट तारखांसकट प्रिंट काढून नेले होते आणि कलमाचा नंबरही. २०१३च्या दुरुस्तीत आयपीसीमध्ये ३५४ डी आलं. बाईनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधणं, हा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलंत तर पाच वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४पासून हेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८ झालंय, नंबर लिहून ठेवा. माझे ते दोन 'नको'चे मेसेज तिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडले. त्याला बोलावलं गेलं. आला, रडला, लिहून दिलं. मेसेज थांबले.

मला त्या सीरियलमधली सगळ्यात भयंकर जागा विचाराल तर ती मारामारीची नाही. पाचव्या एपिसोडमध्ये माल्कमला सोडवायचं म्हणून जेसिका सौदा करते. रोज सकाळी १० वाजता ती स्वतःच स्वतःचा फोटो काढून किलग्रेव्हला पाठवणार. त्याला वर हसरा फोटो हवाय! ती मोबाइल धरते, ओठ ताणते, क्लिक. एवढंच. ते हसू मी ओळखते. 'सीक्रेट अॅडमायरर' म्हणणाऱ्यांसमोर तीन आठवडे तेच चिकटवून फिरत होते.

आणि एक छोटी गोष्ट मी तिच्याकडून चक्क उचलली. घाबरली की जेसिका लहानपणच्या घराजवळच्या रस्त्यांची नावं ओळीनं म्हणते. बर्च स्ट्रीट, हिगिन्स ड्राइव्ह, कोबाल्ट लेन. मला काही बर्च स्ट्रीट नाही. मी म्हणते, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. अनोळखी नंबर वाजला की अजूनही म्हणते. बहुतेक वेळा बँकेचा लोनवाला निघतो.

फ्लॅटमेट आणि मी महिनाभर एकाच घरात 'दूध संपलंय' इतकंच बोलत होतो. मग एका रविवारी माझ्या लॅपटॉपवर ती सीरियल चालू दिसली. ती चौथ्या एपिसोडवर होती. फुटेजचा सीन संपला तरी ती स्क्रीनकडेच बघत राहिली.

'हा माल्कम पुढे सुधारतो का गं?' तिनं न वळता विचारलं.

'सुधारतो,' मी म्हटलं. 'तिच्याच ऑफिसात काम करतो नंतर.'

'मग लाव पुढचा.'

मी मॅगीचं पाणी ठेवलं. दोघींचं.