चिकन स्लायडर आणि आमचे चिरंजीव

मैत्रिणींनो, "आई, घरी नको ना गं!" असं तुमच्या मुलानं तुम्हाला कधी म्हटलंय? आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजिवांनी गेल्या महिन्यात म्हटलं. वाढदिवस आठ दिवसांवर आलेला. वर्गातल्या मुलांचे वाढदिवस स्टँडजवळच्या नव्या बर्गरच्या दुकानात झालेले, तेव्हा ह्यालाही तिथलेच चिकन स्लायडर हवे होते. दहा मुलांचे अडीच हजार रुपये! मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, आणि त्या मानधनाचा तीन महिने पत्ता नव्हता. ह्यांच्या पगारातून घराचा हप्ता जातो. "मी करीन की घरी," म्हटल्यावर स्वारी ताटावरून उठूनच गेली. खरं सांगू? पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं. घरच्या पदार्थाची त्याला लाज वाटत होती.

स्लायडर म्हणजे तळहातावर मावेल एवढा बर्गर. अमेरिकेत विचिटा गावी १९२१ साली निघालेल्या व्हाइट कॅसलनं असे छोटे चौकोनी बर्गर गाजवले. आपला लादीपाव जवळपास त्याच मापाचा. मग अडलं कुठे?

अडलं तळणीत. रविवारी थोडे करून पाहिले. जाड तुकडे, मोठा जाळ, कढई गच्च भरलेली. पहिला घाणा वरून काळपट आणि आत गुलाबी कच्चा, दुसरा मऊ लिबलिबीत. चिरंजिवांनी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" अशा नजरेनं पाहिलं. सासूबाई माळकरी, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा येत नाहीत. पण बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, भजी तरी अशी दाटीनं सोडतेस का? तेल निवतं!"

तेव्हा आता नीट ऐका. मांडीचं बिनहाडाचं एक किलो चिकन घ्या, त्याचे वीस तुकडे करा आणि बत्त्यानं अर्धा इंच जाडीचे चेपून घ्या. दोन वाट्या दाट ताक, तीन लहान चमचे मीठ, तिखट आणि आलं-लसूण लावून चार तास फ्रिजमध्ये ठेवा. तीन वाट्या मैद्यात पाऊण वाटी कॉर्नफ्लोअर, थोडं मीठ, मिरपूड घाला. आता खरी खुबी. चार चमचे साधं ताक त्या पिठात शिंपडून बोटांनी चोळा, म्हणजे बारीक गुठळ्या होतात. कुरकुरीत पापुद्रा सुटतो तो त्यांचाच. पिठात तुकडे दाबून घोळवा, पंधरा मिनिटं तसेच राहू द्या. पिठाचा कण तेलात टाकल्यावर लगेच वर आला पण करपला नाही, की तेल झालं. एका वेळी चारच सोडा, मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. घाण्यातला एक तुकडा मोडून आत पांढरा झालाय ना ते बघा. निथळायला जाळीवर ठेवा. कागदावर ठेवले की वाफेनं खालून मऊ पडतात. मुरवणाचं ताक मात्र फेकून द्या.

सॉससाठी दहा ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात भिजवा. आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे व्हिनेगर, गुळाचा खडा, मीठ घालून वाटा, वर दोन चमचे कडकडीत तेल ओता. मुलांसाठी त्यातला निम्मा वाटीभर चक्क्यात कालवला. पाव लोणी लावून तव्यावर भाजायला विसरू नका, नाहीतर सॉसनं ओले होतात.

वाढदिवसाला मी ओट्याशी आणि मुलं बाहेर. एकानं विचारलं, "कुठून मागवलेत रे?" मी झारा हातात धरून तशीच उभी. बाहेरही काही क्षण सामसूम. मग आवाज आला, "घरीच. आईनं केलेत."

"अजून आहेत?"

वीसच्या वीस संपले. मला चव कळली ती सॉसच्या वाटीला बोट लावून.