इंजिनाचे फाउंडेशन

वडिलांच्या पश्चात त्यांची मारुती ८०० आमच्याकडे आली. तीन सिलिंडरांचे हे इंजिन मुळातच थोडे थरथरते. पण यंदा सिग्नलपाशी थांबले, की आरसा इतका कापे की मागे बसलेली आई जपमाळ घट्ट धरी. "ह्यांच्या वेळी अशी नव्हती," ती एकदा म्हणाली. तो बोल आम्हांला लागला.

शनिवारी धाकट्या भावाला हाताशी घेऊन गॅरेजात बॉनेट उघडले. इंजिन ज्या रबरी माउंटिंगांवर टेकते, ज्यांना मेकॅनिक 'फाउंडेशन' म्हणतात, त्यांतील एकाचे रबर तेलाने फुगून लोखंडापासून सुटले होते. बॅटरीची तार सोडवली, ऑइल चेंबरखाली लाकडी फळी देऊन जॅक लावला. (फळी नसती तर पत्र्याचे चेंबर चेपलेच असते.) नवे माउंटिंग बसले, पण बोल्टचे भोक जुळेना. भाऊ बोटाने चाचपू लागला. आम्ही त्याचा हात मागे ओढला, तोच इंजिन फळीवरून खचले. घटकाभर कोणीच बोलले नाही. मग पुन्हा जॅक लावून स्क्रूड्रायव्हरनेच भोक जुळवले. इंजिन आपल्या भाराने टेकल्यावर बोल्ट आवळले.

रविवारी मिस्साला जाताना सिग्नलवर आईने विचारले, "गाडी बंद पडली का रे?"