कुरूप, ब्लेड आणि बिब्बा

मंडळी, आज अगदी खालच्या विषयावर लिहिणार आहे. खालच्या म्हणजे पावलांच्या हो!

तेहतीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून शिकवलं. त्यात उमेळ्याहून नायगाव स्टेशनपर्यंतची पायपीट आणि लोकलमध्ये उभ्याने प्रवास. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना मिळतं ते शाल-श्रीफळ मलाही मिळालं. शिवाय उजव्या करंगळीवर एक कुरूप आणि दोन्ही तळव्यांना घट्टे! शिक्षकांच्या कुठल्याही घोळक्यात पायांचा विषय काढून बघा, प्रत्येकाकडे एक तरी कुरूप निघेल आणि त्यावर दोन तरी उपाय.

आधी दोघांतला फरक सांगते (सवय जात नाही!). घट्टा पसरट असतो, बहुतेक वेळा दुखत नाही. कुरूप लहान, गोल, मधोमध खिळ्यासारखं टणक, आणि त्या खिळ्याचं टोक आतल्या बाजूला. म्हणून चालताना चपलेत खडा गेल्यासारखं टोचतं. बोटांच्या बेचक्यात होतं ते घामाने ओलं, मऊ राहतं. आमच्या वसईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. आणखी एक गोष्ट म्हणजे तळव्यावरची चामखीळ. ती कुरुपासारखीच दिसते, पण विषाणूमुळे होते. वरून दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं तर बहुधा चामखीळ. शंका असेल तर डॉक्टरांनाच दाखवावं.

"कुरुपाला मूळ असतं, ते मुळासकट उपटलं पाहिजे," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मूळबीळ काही नसतं. सतत दाब पडला, घासलं गेलं, की कातडी स्वतःच्या बचावासाठी जाड होते, एवढंच. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या पावलांचे फोटो तुम्हाला आठवत असतील. घर्षण थोड्या दिवसांत, जोरात झालं की फोड येतात, सालपटं निघतात. तेच हळूहळू, वर्षानुवर्षं झालं की घट्टा होतो. वाडीत आणि मिठागरात अनवाणी राबणाऱ्यांना तर तो घट्टाच वहाणेसारखा उपयोगी पडतो. म्हणजे कुरूप कापलं आणि पुन्हा तीच चप्पल घातली, तर ते परत येणारच.

आता उपाय. आमच्या लहानपणी बिब्बा तापवून त्याचं तेल लावत, नाहीतर रुईचा चीक. दोन्हींनी कातडी भाजते. एखाद्या कामात बिब्बा घालणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको!

पण हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. माझ्या धाकट्या भावाला मधुमेह होता. रस्त्याकडेला बसणाऱ्या एकाकडून त्याने कुरूप कापून घेतलं. जखम झाली, पण दुखली नाही म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा घरात कळलं. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. आणि आता पुढच्या पिढीत साखर असलेला एक भाचा घरच्या घरी ब्लेड चालवतो, असं परवा कानावर आलं. बाबा रे, हे तुझ्यासाठी आहे.

न दुखणं हाच खरा धोका. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिलं. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही, म्हणून त्याच त्या जागी दाब आणि जखमा होत राहतात. मधुमेहाने पाय बधिर झाले की हीच गत. मधुमेह्यांना डॉक्टर ज्या मऊ रबराच्या एमसीआर चपला सांगतात, त्यासुद्धा कुष्ठरुग्णांसाठी झालेल्या कामातूनच आल्या. म्हणून साखर असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ब्लेड नको आणि औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही नको. तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खातं. थेट डॉक्टरांकडे जावं.

बाकीच्यांनी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, वजरीने हलक्या हाताने घासावं, एकाच दिवशी सगळं काढायचा हट्ट धरू नये. मग पुसून युरियाचं क्रीम लावावं, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात. चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि "वापरून सैल होईल" या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये. मी रुंद पुढा असलेल्या चपला घ्यायला लागले आणि करंगळीवरचं कुरूप काही महिन्यांत आपसूक गेलं. घट्टे आहेत अजून, पण ते त्रास देत नाहीत.

असो. आता उठा आणि तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवंडांना बघायला सांगा. साखर असेल तर हे रोज करायचं. आणि काही दिसलं तर मला नको, डॉक्टरांना कळवा!