खरखर

आमचं घर मार्केट यार्डाच्या अगदी अंगाशी. पहाटेपासून मालाचे ट्रक, टेंपो, हमालांच्या हाका, हॉर्न. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता सुटीच्या दिवशी तो गलका नसला, तर उलट जाग येते! तेव्हा आवाजाचं मला वावडं आहे असं कुणी म्हणू नये. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याच मागच्या खोलीतून जो आवाज यायला लागला, त्यानं घरातली शांतता घालवली.

आमचे चिरंजीव इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. हल्ली त्यासाठी कपाटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. गिटारची वायर एका छोट्या डबीत जाते, डबीची वायर लॅपटॉपमध्ये, आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. त्या चित्रातलं ‘गेन’चं बटण पुरतं फिरवलं की गिटार डरकाळी फोडते. ती डरकाळी त्याला हवीच होती. नको होती ती तिच्या आतली तडतड. एका बँडला वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं, दहा दिवसांची मुदत होती, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठे ना कुठे ती तडतड होतीच.

ह्यांचा भुसार विभागात गाळा, मामंजींच्या हातचा. मुलानं दिवाळीपासून गाळ्यावर बसावं असं ह्यांचं म्हणणं. त्यामुळे ती खरखर ह्यांना जरा बरीच वाटत असावी. एकदा जेवताना म्हणाले, “आधी मुद्दाम खरखर करायची, आणि मग खरखर येते म्हणून रडायचं! हे काय शास्त्र आहे?” मुलगा ताटावरून उठून गेला. रात्री मला म्हणाला, “आई, मी गिटार विकतोय. मला जमतच नाही.”

मला मात्र ह्यांचा प्रश्न काही चुकीचा वाटला नाही. लग्नाआधी मी गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तोसुद्धा तार स्वच्छ वाजू नये, तिला झंकार यावा म्हणूनच ना? मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही अशा झंकारणाऱ्या वाद्याला. आणि मुलानंच सांगितलं होतं की, अमेरिकेत नॅशव्हिलला एका गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी यंत्रात बिघाड होऊन गिटारचा आवाज फाटला, तो लोकांना इतका आवडला की पुढे तसा आवाज मुद्दाम काढणारी पेटी बाजारात आली. म्हणजे हवी ती खरखर आणि नको ती खरखर असा भेद आहेच. धागा केसभर सरकला की जवारी जाते आणि तार नुसती करकरते, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारचं आवरून मी त्याच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, “मला संगणकातलं काही कळत नाही. तू वाजव, मी ऐकते.”

मैत्रिणींनो, आमटी कडू झाली तर आपण काय करतो? सगळे मसाले एकदम बदलत नाही. एकेक वगळून पाहतो. चिरंजीवांनी नवी वायर आणली होती, तारा बदलल्या होत्या, पडद्यावरची वीस बटणं फिरवली होती, पण सगळं एकाच दिवशी! मग काय कशानं झालं ते कळणार कसं?

तासाभरानं माझ्या लक्षात आलं की, हा एक आवाज नाहीच, तीन आहेत. एक, मोहरी तडतडल्यासारखा, कधीही, कुठेही येणारा. दुसरा फक्त सूर विझताना, शेपटाशी तुटक तुटक ‘खर्र, खर्र’ असा. आणि तिसरा सगळ्यांच्या खाली अखंड चाललेला घुं-घुं, वाजवत नसतानाही.

मोहरीचा उलगडा लवकर झाला. तेच रेकॉर्डिंग दोनदा लावलं, तर तडतड दर वेळी निराळ्या जागी आली. म्हणजे ती रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच; लॅपटॉपच वाजवताना ठेचकाळत होता. चिरंजीव म्हणाले, लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो, आणि उशीर होऊ नये म्हणून मी तो साठा अगदी लहान ठेवलाय. चौसष्टचा आकडा होता, तो दोनशे छप्पन्न केला. अहो, पाण्याची घागर भरायला माणसाला उसंत नको का? तडतड थांबली. त्यापायी होणारा उशीर पाच मिलिसेकंदांचा, म्हणजे सहा फुटांवर बसून ऐकल्याइतका.

शेपटाची खरखर मात्र चिवट. “वाजवणं थांबलं की घुं-घुं ऐकू येऊ नये म्हणून मी एक गेट लावलंय,” तो म्हणाला. “आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते बंद होतं.” मला लगेच चित्र दिसलं. सूर विझता विझता त्या उंबऱ्याशी येणार, जरा वर, जरा खाली, आणि वाऱ्यावर दार आपटावं तसं ते गेट उघडझाप करणार. गेट काढायला लावलं. सूर शेवटपर्यंत छान विझला, पण घुं-घुं राक्षसासारखी बाहेर आली. गेन जास्त असला की मोठा आवाज दाबला जातो आणि बारीकसारीक सगळं वर येतं, तशातलंच हे. म्हणजे मूळ दुखणं तिसऱ्या आवाजात होतं. बाकी सगळं त्यावरचं पांघरूण.

त्यानं तारांवर हात ठेवला की घुं-घुं कमी व्हायची, हात काढला की वाढायची. लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढला, आणि ती साफ गेली! दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो सहज म्हणाला, “चार्जर लावलेला असला की तारांना बोटं लागून मुंग्या येतात गं. मला वाटायचं, फार वाजवल्यानं येतात.”

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मलाही तशाच मुंग्या यायच्या. मी ते वयावर ढकललं होतं.

वायरमन बोलवायचा म्हटल्यावर हे म्हणाले, “गिटारसाठी वायरमन?” मी म्हटलं, “गिटारसाठी नाही, गीझरसाठी.” मग गप्प बसले.

वायरमननं मीटर लावून दाखवलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट. फेज आणि अर्थिंगच्या भोकातही तेवढेच यायला हवेत. आमच्याकडे आकडा नुसता भटकत होता. तीन पिनांचे सगळे सॉकेट, पण तिसरी पिन नावाला! बोर्ड उघडला तर हिरवी वायर गुंडाळून, टेप लावून आत कोंबलेली. पूर्वी रंगकामाच्या वेळी बोर्ड बदलले होते, तेव्हाची ही करामत. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळी याच वायरीच्या भरवशावर. अर्थिंग नसलं की चार्जरच्या आतून झिरपणारा थोडासा करंट बाहेर जायला वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे माझ्या मुलाची बोटं. चार्जरपुरत्या नुसत्या मुंग्या येतात. पण गीझरच्या आत फेजची वायर सुटून अंगाला टेकली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं. स्कॉटलंडच्या एका बँडमधला गिटारवाला, लेस हार्वे, १९७२ साली स्टेजवर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला, हे मुलानं त्या रात्री सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी गिटार घरात येऊच दिली नसती.

वायर जोडली, शिवाय ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवला. त्याचं ‘टेस्ट’चं बटण मी अधूनमधून दाबून पाहते; खटका पडला पाहिजे. तुम्हीही बटणाखाली लिहिलेलं वाचा, आणि कुठेही मुंग्या आल्या तर त्या वयावर ढकलू नका.

घुं-घुं अगदी शून्यावर आली नाही, पण गेटचा उंबरा पार खाली आणता आला आणि शेपूट तुटायची थांबली. मुदतीच्या आदल्या रात्री रेकॉर्डिंग झालं. ह्यांनी दारात उभं राहून ऐकलं. आवडलं म्हणाले नाहीत, “आता खरखर कुठली, हवी ती का नको ती?” एवढंच विचारलं. “हवी ती, बाबा,” म्हणून त्यानं खरंच समजावून सांगितलं, आणि ह्यांनीही ऐकून घेतलं. दिवाळीचा विषय अजून तसाच आहे. बँडचं उत्तर यायचं आहे.

गिटारची वायर हलली की अजून एक बारीक ‘टक्’ येतो. जॅकचा टाका सुटला असणार. पुढच्या सुटीला बापलेक दोघं पासोड्या विठोबाजवळ जाऊन नवा जॅक आणणार आहेत. मी म्हटलं, येताना मिक्सरचं कपलरही बघा.